शिक्षणातील खंड आणि आपला निधी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत, हैदराबाद येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी उच्च शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही पेशाने शाळामास्तर. तासाची घंटा झाली की आम्ही थांबतो. येथे घंटा नाही. तेव्हा अध्यक्षांनी नुसता हात वर करावा, आम्ही खाली बसू.

अशा समारंभात संस्थेच्या कार्याचा गौरव करावयाचा, हा रिवाज आहे. आणि गौरव करण्याजोगे कार्य या संस्थेने खरोखरच केले आहे. या शहरातील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी मुलांच्या फीचा भार तिने उचलला. तो उचलताना मुलगा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे तिने पाहिले नाही. आमच्यासारखा मुसलमान मास्तर या व्यासपीठावर परका म्हणून नव्हे, तर घरचा म्हणून उभा आहे, यातच सारे आले. परंतु गौरवाचे काम आमच्याहून थोर वक्त्यांनी आज केलेच आहे. आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे, आणि शेवटी एक मागणे मागावयाचे आहे.

प्रथम कबुली. 2014 साली आम्ही आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या छाननी समितीवर होतो. जून महिना होता. बाहेर पावसाची पहिली सर चालू होती आणि आमच्यापुढे अर्जांचा गठ्ठा होता. त्यात एक अर्ज काचीगुड्याच्या एका मुलीचा होता. वडील शिवणकाम करीत. बारावीत तिला चांगले गुण मिळाले होते. पण निकाल लागला त्याच सुमारास आईला अर्धांगाचा झटका आला. पाठचे दोन भाऊ लहान. मुलगी 3 वर्षे घरी राहिली. आई भिंतीच्या आधाराने चालू लागली तेव्हा तिने बी.कॉम.ला प्रवेश घेण्याचे ठरविले आणि फीसाठी आपल्या निधीकडे अर्ज केला. तेव्हा तिला 21 वर्षे पुरी झाली होती.

निधीचा नियम असा की, अर्जदाराचे शिक्षण सलग झालेले असावे, त्याचे वय 20 वर्षांहून अधिक नसावे, व तो दिवसाच्या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असावा. आम्ही अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘नियमात बसत नाही’ असे लिहिले आणि सही ठोकली. या कामास एक मिनिटसुद्धा लागले नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आम्हांस भेटावयास आली. रडली नाही की भांडली नाही. “सर, तीन वर्षं मी रिकामी बसले नव्हते,” एवढेच म्हणाली. आम्ही म्हणालो, “नियम आहे, बेटा.” ती गेली. बी.कॉम. राहिले ते राहिलेच.

यात आम्ही नियमाविरुद्ध काही केले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती सही करणारा हात कोणाचा होता, हे आपणांस ठाऊक नाही; तेच आज सांगावयाचे आहे.

आमचे वडील सुलतान बाजाराकडच्या एका छापखान्यात बांधणीचे काम करीत. 1998 साली आम्ही बारावी झालो आणि त्याच वर्षी वडिलांची दृष्टी गेली. घरात थोरले आम्हीच. कॉलेजचा अर्ज भरला नाही. वडिलांच्या जागी छापखान्यात उभे राहिलो. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येत असल्यामुळे मालकांनी पुढे मुद्रिते तपासण्याचे काम दिले. 3 वर्षे आम्ही लोकांच्या लग्नपत्रिका वाचल्या. तेथे येणाऱ्या एका वृद्ध गिऱ्हाइकाने आम्हांस मुक्त विद्यापीठाची माहिती दिली. 2001 साली नाव घातले. सहा दिवस छापखाना आणि रविवारी अभ्यासकेंद्रातील तास. आमच्या बाकावर बसचा एक वाहक बसे, एक परिचारिका बसे, आणि एक पन्नाशीचे गृहस्थ बसत. त्यांचा मुलगा दुसरीकडे त्याच वर्षाला होता. 2004 साली आम्ही बी.ए. झालो, मग प्रवेशपरीक्षा देऊन बी.एड.च्या नियमित वर्गात बसलो, आणि मास्तर झालो.

म्हणजे तीन वर्षांचा खंड आमच्याही शिक्षणात होता, वय आमचेही उलटलेले होते, आणि दिवसाचे महाविद्यालय आम्ही बी.ए. होईपर्यंत आतून पाहिलेले नव्हते. तरीही आम्ही सही केली. का केली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. शाळेत कोणी विचारले, ‘आपण कोणत्या कॉलेजचे?’ तर आम्ही विषय बदलीत असू. माणूस ज्या दाराने आत आला ते दार कमी प्रतिष्ठेचे असेल, तर ते लपविण्याची त्याला खोड लागते. आणि लपविता लपविता एके दिवशी तो ते दुसऱ्यासाठी बंदही करतो. आमचे तसे झाले.

आता नियमाकडे वळू. ज्यांनी हा नियम केला त्यांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. निधी लहान, अर्जदार पुष्कळ. दिलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी जो मुलगा न थांबता चालला आहे तो पुढेही चालेल, असा हिशेब केला. हिशेब सरळ होता. पण तो माणसांना कितपत लागू पडतो, हे एका उदाहरणावरून पाहावे.

एक विद्यार्थी होता. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. 1916 साली तेथून लंडनला गेला व अर्थशास्त्राच्या उच्च अभ्यासास लागला. अभ्यास अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली त्याला हिंदुस्थानात परतावे लागले. बडोद्यास नोकरी धरली. तेथे जातीमुळे राहावयास जागा मिळेना, म्हणून ती सोडावी लागली. मग मुंबईस सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, एका पारशी मित्राकडून कर्ज काढले, आणि 1920 साली, वयाच्या 29 व्या वर्षी, तो पुन्हा लंडनला जाऊन वर्गात बसला. 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. झाला.

हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे आपण ओळखले असेलच. त्यांची बुद्धी आणि चिकाटी यांविषयी आम्ही काय बोलावे! पण या कथेतील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. 1917 साली ते परत निघाले तेव्हा लंडन विद्यापीठाने त्यांस ऑक्टोबर 1917 पासून 4 वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. त्यांचे नाव खोडले नाही. जेवढे शिकून झाले होते तेवढे धरून ठेवले, आणि पुढचे त्यांच्या येण्यावर सोडले. त्या एका मुभेचे मोल किती, याचा विचार करा. आणि मग हाही विचार करा की, 1920 साली त्यांचा अर्ज आपल्या छाननी समितीपुढे आला असता, तर? शिक्षणात तीन वर्षांचा खंड, वय 29. आम्ही लाल शाईने ‘नियमात बसत नाही’ असेच लिहिले असते.

पुढे बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. स्वतः ज्या वाटेने चालावे लागले तिच्यावर त्यांनी इतरांसाठी दिवा लावला. ती वाट लपविली नाही. आम्ही मात्र लपविली.

खंड पडलेल्या विद्यार्थ्याची काळजी वाहण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. ज्या वयात समाजाने त्या बायकांचे आयुष्य संपले असे मानले होते, त्या वयात त्यांच्या हाती पाटी दिली. आणि 1916 साली तर स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठच स्थापन केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. आधी कमव आणि मग शीक, असे ते म्हणाले नाहीत. किंवा कमवितोस तर शिकू नकोस, असेही म्हणाले नाहीत.

आमच्या या हैदराबाद शहराचा वाटाही लहान नाही. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेव्हा उच्च शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत देता येईल यावर फारच थोड्यांचा विश्वास होता. उस्मानियाने उर्दूतून शिकविले. ज्याच्या घरची भाषा उर्दू नव्हती, त्या मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांना त्याचा त्रासही झाला, हे विसरता येत नाही. तरी विद्यापीठाच्या दाराला एकच किल्ली लागते हा समज तेथे मोडला. 1962 साली दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. आणि 1982 साली भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, ते याच आपल्या शहराने पाहिले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच पुढे 1985 साली दिल्लीस स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. 1998 साली हैदराबादेतच मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ निघाले. आमची धाकटी बहीण दोन मुलांची आई झाल्यावर घरी राहून तेथूनच बी.ए. झाली, मुले निजल्यावर स्वयंपाकघरात ती पुस्तके उघडी. आणि 1982 च्या त्या पहिल्या मुक्त विद्यापीठाला 1991 साली नाव दिले गेले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. खंड सोसून शिकलेल्या विद्यार्थ्याचे नाव, खंड सोसून शिकणाऱ्यांच्या विद्यापीठाला! याहून उचित नाव कोणते मिळाले असते?

बंधुभगिनींनो, आता थोडे आजच्या काळाविषयी, कारण येथे बसलेल्या आईबापांस त्याची माहिती हवी आहे. आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, “मास्तर, पोराचं वर्ष गेलं, आता काय, संपलं!” संपलेले नसते. वाटा पुष्कळ आहेत. त्या कोणी दाखवीत नाही, इतकेच.

ज्याचे दहावी-बारावीतच अडले, त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जावे. तेथे एकदा नाव घातले की ते 5 वर्षे चालते, आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या 9 संधी मिळतात. सारे विषय एका दमात देण्याची सक्ती नाही. या खेपेस दोन, पुढच्या खेपेस एक, असे देता येतात. पूर्वीच्या मंडळाच्या परीक्षेत जे विषय सुटले असतील त्यांपैकी 2 पर्यंत विषयांचे गुण इकडे धरले जातात. मुक्त विद्यापीठे निघाली तेव्हा शालान्त दाखला नसलेल्या प्रौढांसही पात्रता-परीक्षा घेऊन ती पदवीला घेत. आज मात्र बारावी करूनच पुढे जावे, हा आमचा सल्ला आहे. त्यामुळे नोकरीच्या वेळी कोणी बोट दाखवीत नाही.

ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याची वाट निराळी आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये गेलेल्या मुलास, प्रवेशपरीक्षा देऊन तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. आणि पदविका झालेल्यास तशाच रीतीने अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘आय.टी.आय.ला टाकला’ असे म्हणतो, तो अभियंता होऊ शकतो. त्याला चार-दोन वर्षे अधिक लागतील. पण तो येईल तेव्हा हातात हत्यार धरता येणारा अभियंता येईल.

आणि जो महाविद्यालयात जातो पण अर्ध्यावर सोडावे लागेल की काय, या धास्तीत असतो, त्याच्यासाठी 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक नवी व्यवस्था सांगितली आहे. तीत अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांनी होते. मुले त्याला क्रेडिट म्हणतात. सहामाहीत आठवड्याला 1 तास याप्रमाणे शिकविण्याचे 15 तास झाले की 1 श्रेयांक. वर्षाचे साधारण 40 श्रेयांक होतात. पहिले वर्ष पुरे करून कोणी थांबला, तर उन्हाळ्यात 4 श्रेयांकांचा एक व्यवसायविषयक अभ्यासक्रम केल्यावर त्याला प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी थांबला तर त्याच रीतीने पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स पदवी. जो मध्ये थांबला त्याने 3 वर्षांच्या आत परत यावे आणि एकंदर 7 वर्षांत पदवी पुरी करावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात म्हटले आहे. मिळविलेले श्रेयांक ठेवण्यासाठी 2021 साली एक पेढीच निघाली आहे. बँकेत पैसे ठेवावेत तसे त्यात श्रेयांक जमा राहतात, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. याखेरीज 2022 पासून एका वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा मिळाली आहे.

हे ऐकून हुरळून जाऊ नये, म्हणून दोन-तीन इशारेही देतो. पहिला असा की, ही व्यवस्था सर्व विद्यापीठांत सारख्या रीतीने आलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात 2024 साली चार वर्षांची पदवी मोडून पुन्हा तीन वर्षांची करण्यात आली. तेव्हा नाव घालण्यापूर्वी त्या-त्या विद्यापीठात जाऊन विचारावे: मध्ये थांबलो तर काय हाती येईल, आणि परत आलो तर घ्याल काय? दुसरा इशारा फसवणुकीचा. घरबसल्या पदवी देतो म्हणणारी दुकाने रस्तोरस्ती आहेत. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, हे अभ्यास घरबसल्या होत नाहीत. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेवाचून पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांतील काही स्थगित झाल्या, काही रद्द झाल्या, आणि वर्षानुवर्षे नोकरी केलेले लोक उघड्यावर पडले. उलटपक्षी, मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे अनुदान आयोगाने 2022 साली पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा मान्यता आहे की नाही एवढे आधी पाहावे; आणि असेल, तर लाज मुळीच बाळगू नये.

तिसरा इशारा सर्वांत महत्त्वाचा, आणि तेथेच आपल्या संस्थेचा संबंध येतो. काही विचारवंत म्हणतात की, मध्ये बाहेर पडण्याची ही सोय म्हणजे गरिबाला बाहेर घालविण्याची सोय आहे. श्रीमंताचा मुलगा चार वर्षे शिकेल. गरिबाचा एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन दुकानात उभा राहील, आणि सरकार म्हणेल, त्याला रिकाम्या हाताने थोडाच पाठविला! हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आम्ही रविवारच्या ज्या वर्गात बसलो, त्यात पहिल्या वर्षी बाक भरलेले असत आणि तिसऱ्या वर्षी बाकावर पिशवी ठेवण्यास जागा असे. तो बसचा वाहक दुसऱ्या वर्षी येईनासा झाला. त्याला कोणी काढले नाही. तो का येत नाही, हे विचारावयास कोणी गेले नाही, एवढेच.

घरी बसून शिकणाऱ्याची अडचण बहुधा बुद्धीची नसते. ती एकटेपणाची असते. वर्गात मास्तर रागावतो, मित्र चिडवितात, पण कोणीतरी वाट पाहत असते. मुक्त शिक्षणात पुस्तक येते, परीक्षेची तारीख येते; माणूस येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, मधले दार हे बाहेर जाण्याचे आहे की विसाव्याचे आहे, हे सरकारी आराखड्याने ठरत नाही. बाहेर पडलेल्याची कोणी वाट पाहत आहे की नाही, यावर ते ठरते. वाट पाहण्याचे काम विद्यापीठाला साधत नाही. आपल्यासारख्या संस्थेला मात्र साधते, कारण आपण एकमेकांची घरे ओळखतो.

यावर विश्वस्त मंडळातील वडीलधारी मंडळी विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की पैसा कोठून आणावा? ज्याने एकदा सोडले तो पुन्हा सोडणार नाही याची हमी काय? पहिल्याचे उत्तर असे की, मुक्त विद्यालयाचा व मुक्त विद्यापीठाचा खर्च दिवसाच्या खाजगी महाविद्यालयाहून पुष्कळ कमी असतो. दुसऱ्याचे उत्तर असे की, हमी कशाचीच नाही. सलग शिकलेले मुलगेही निधीचे पैसे घेऊन नापास झालेले आम्ही समितीवर असताना पाहिले आहेत. जो सोडून गेला आणि संसाराचे ओझे खांद्यावर असता परत आला, त्याला शिक्षणाची किंमत आपण शिकवावयास नको. ती त्याने भरलेली आहे.

आता मागणे. पुढच्या वार्षिक सभेपुढे आम्ही चार सूचना ठेवणार आहोत. त्यांचा आजपासून विचार व्हावा.

पहिली सूचना: ‘शिक्षण सलग असावे’ ही अट आणि वयाची अट निधीच्या नियमांतून काढून टाकावी. खंड पडला असेल तर त्या काळात अर्जदाराने काय केले, एवढे अर्जात विचारावे. आजाऱ्याची शुश्रूषा केली, दुकान सांभाळले, मुले वाढविली, हे उत्तर निधीच्या दृष्टीने पुरेसे मानावे.

दुसरी: दिवसाच्या महाविद्यालयाबरोबरच मुक्त विद्यालय, मुक्त विद्यापीठ, आय.टी.आय. आणि तंत्रनिकेतन यांतील विद्यार्थ्यांसही अर्ज करता यावा. मात्र संस्थेस मान्यता आहे की नाही हे समितीने स्वतः पाहावे. गरीब आईबापांस ते पाहता येत नाही. आपल्यातील शिकलेल्यांस येते.

तिसरी: साहाय्य एकरकमी न देता हप्त्याने द्यावे. एक परीक्षा उतरली की दुसरा हप्ता. आणि कोणी मध्येच थांबला तर त्याचे नाव खोडू नये. त्याचे कागद 7 वर्षे जपून ठेवावेत आणि वर्षातून एकदा संस्थेचा माणूस त्याच्या घरी जाऊन यावा. चहा घ्यावा आणि विचारावे, ‘केव्हा येतोस परत?’ यासाठी पैसा लागत नाही.

चौथी: आपल्या कार्यालयातील मोठी खोली रविवारी बंद असते. ती अशा विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. तेथे दिवा आहे, पंखा आहे, टेबल आहे. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीचा आवाज येत नाही. रविवारी सकाळी 9 ते 1 आम्ही स्वतः तेथे बसण्यास तयार आहोत. आणखी दोन-तीन मास्तर आमच्याबरोबर येतील, असा आम्हांस विश्वास आहे. त्यांतले एक गणिताचे असावेत, कारण गणितात आमची स्वतःचीच गाडी अडते.

इतके केले तर संस्था काही मोठी क्रांती करील, असे आम्ही म्हणत नाही. परत येणाऱ्याला दार उघडे सापडेल, इतकेच होईल. लंडन विद्यापीठाने 1917 साली एका विद्यार्थ्यासाठी याहून अधिक काही केले नव्हते.

अध्यक्षमहाराज, आपला हात वर जाण्याची वेळ आली आहे, हे आम्ही जाणतो. एकच सांगून संपवितो.

गेल्या जूनमध्ये काचीगुड्याची ती मुलगी पुन्हा शाळेत आली होती. मुलगी कसली, बाईच ती आता. एका औषधांच्या ठोक दुकानात हिशेब लिहिते. पाठच्या दोन्ही भावांना तिनेच शिकविले; थोरला पदवीधर झाला, धाकटा शेवटच्या वर्षाला आहे. ती त्याच्याच कागदांवर सही घेण्यासाठी आली होती. सही झाल्यावर उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “सर, आता माझा अर्ज घेतील का हो?”

अकरा वर्षांपूर्वी आम्ही तिला चटकन उत्तर दिले होते. या वेळी दिले नाही. “विचारून सांगतो,” असे म्हणालो.

आज आम्ही आपणांस विचारीत आहोत. ती बाहेर, मंडपाच्या मागच्या रांगेत बसली आहे.